पावलीचं गाणं : इराण्याच्या हॉटेलातला ज्यूकबॉक्स



मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे मसुऱ्यात मला बोलायला उभं केलं की लोकांना वाटतं, आता हा शंकराचार्य तरी काढणार, नाहीतर कांट. या वेळी मी विषय कळवला 'ज्यूकबॉक्स', तेव्हा फोनवर पलीकडून जरा वेळ काही आवाजच आला नाही. मग हळूच विचारणा झाली, "सर, ता नेमका काय?" प्रश्न रास्त आहे. आज समोर बसलेल्यांपैकी चाळिशीच्या आतल्या कुणी ती वस्तू चालू असताना पाहिली असेल असं मला वाटत नाही. तेव्हा तिथूनच सुरुवात करू. कांट येईल, पण शेवटी, आणि थोडाच.

ज्यूकबॉक्स म्हणजे कपाटाएवढी गाण्याची पेटी. आत तबकड्या उभ्या रचून ठेवलेल्या. समोर काच, काचेखाली गाण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या, आणि प्रत्येक चिठ्ठीपुढे एक अक्षर आणि एक आकडा. नाणं टाकायचं, अक्षराचं बटण दाबायचं, आकड्याचं बटण दाबायचं. मग आत एक हात सरकत जातो, हवी ती तबकडी उचलतो, फिरत्या चकतीवर ठेवतो, आणि गाणं लागतं. ते लागतं सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, आजचं सगळं बोलणं त्याच्याभोवती आहे.

आता कुणी म्हणेल, मसुऱ्यात कुठे होता ज्यूकबॉक्स? नव्हताच. पण मसुऱ्याच्या माणसांनी त्यात पैसे टाकले आहेत. आपल्या गावाचा निम्मा इतिहास इथे भरतगडाच्या पायथ्याशी घडला आणि निम्मा लालबाग, परळ, गिरगावात. चाकरमान्याने मुंबईत काय खाल्लं, कुठे झोपला, कुणाला मनिऑर्डर केली, हे आपण थोडंफार सांगतो. त्याने काय ऐकलं, हे कुणी विचारत नाही. ते मला आज विचारायचं आहे.

थोडं मागे जाऊ. २३ नोव्हेंबर १८८९ या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या पॅले रॉयाल नावाच्या दारूच्या गुत्त्यात लुई ग्लास नावाच्या माणसाने एक यंत्र बसवलं. एडिसनचा फोनोग्राफ, आणि त्याला नाणं टाकायची खाच. आवाज मोठा करण्याची सोय तेव्हा नव्हती. म्हणून यंत्राला चार नळ्या जोडलेल्या होत्या, डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारख्या. प्रत्येकाने आपलं नाणं टाकायचं, आपली नळी कानाला लावायची आणि आपण ऐकायचं. पुढच्या माणसासाठी नळी पुसायला टॉवेल ठेवलेला असे. म्हणजे बघा, नाण्याच्या गाण्याची सुरुवात खासगी ऐकण्याने झाली. आज तुमच्या नातवाच्या कानात जे असतं, त्याचं आजोबा हे यंत्र.

मग विजेने आवाज मोठा करायची विद्या आली. १९२७ मध्ये अमेरिकेत एएमआय या कंपनीने असं यंत्र काढलं की अनेक गाण्यांतून एक निवडता येईल आणि ते सगळ्या खोलीला ऐकू जाईल. नळ्या गेल्या. गाणं हवेत आलं. पुढे १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली, गुत्ते पुन्हा उघडले, आणि ज्याला वाद्यवृंद परवडत नाही अशा प्रत्येक गुत्तेवाल्याला ही पेटी हवीशी झाली. वुर्लिट्झर, सीबर्ग, रॉक-ओला ही त्या धंद्यातली मोठी नावं. यातलं रॉक-ओला ऐकून रॉक संगीत आठवतं, पण ते मालकाचं आडनाव होतं.

'ज्यूक' हा शब्द कुठला? अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या मजुरांचे अड्डे असत, त्यांना ज्यूक जॉइंट म्हणत. दिवसभर शेतात, जंगलात राबलेली माणसं तिथे पीत, नाचत. गोऱ्यांच्या गुत्त्यात त्यांना जागा नव्हती, आणि गोऱ्यांच्या रेडिओवर त्यांच्या गाण्याला फारशी जागा नव्हती. ती जागा या पेटीने दिली. पेटीला नाण्याचा रंग कळतो, नाणं टाकणाऱ्याचा कळत नाही. १९४४ पासून तिथल्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने ज्यूकबॉक्सवर सर्वांत जास्त वाजलेल्या गाण्यांची वेगळी यादी छापायला सुरुवात केली, ती १९५७ पर्यंत चालली. कुणाला काय ऐकायचं आहे, हे चिल्लर मोजून ठरू लागलं.

आता मुंबईला येऊ. इथे एक गंमत आहे. ही पेटी वाढली ती दारूच्या दुकानात. मुंबईत ती आली तेव्हा मुंबईत दारूबंदी होती. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. पुढे साठच्या दशकात तो सैल होत गेला, पण त्याआधी राजरोस प्यायची तर डॉक्टरच्या कारणाचं परमिट हवं. बाकी सगळं हातभट्टी आणि आंटीचा अड्डा. अड्ड्यावर कुणी एवढी मोठी आवाज करणारी पेटी ठेवेल का? पोलीसच आत येतील नाचत. म्हणून आपल्याकडे ज्यूकबॉक्स चहाच्या हॉटेलात शिरला. इराण्याकडे.

इराणी म्हणजे इराणच्या यझ्द, केरमान या भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला आलेली माणसं. बरेचसे झरथुष्ट्री, काही मुसलमान. धोबीतलावचं कयानी १९०४ चं, कुलाब्याचं मॉन्डेगार १९३२ चं. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा, संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीला आरसे, बरणीत खारी आणि नानकटाई. ब्रून मस्का, पानी कम चाय. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तिथे कुणी जात विचारत नसे. गावाकडे ज्यांच्यासाठी वेगळी कपबशी ठेवली जायची, त्यांना इराण्याकडे सगळ्यांच्या कपबशीतला चहा मिळे. एका चहावर दीड तास बसलं तरी उठवत नसत, फार तर पोऱ्या दोनदा टेबल पुसून जाई.

मॉन्डेगारची ओळख लोक आजही ज्यूकबॉक्सने सांगतात. भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं, हातात बिअर. आपल्याकडे 'पबमधला ज्यूकबॉक्स' म्हणण्यासारखं सर्वांत जवळचं तेच. पण माझ्या तरुणपणी कुलाबा आमच्या खिशाबाहेर होता. आमचा इराणी गिरगावाकडचा.

तिसरी गोष्ट, रेडिओ. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. माणूस विद्वान, शास्त्रीय संगीतावर श्रद्धा, आणि सिनेमाच्या गाण्यांवर तेवढाच राग. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. लोक मग रेडिओ सिलोनकडे वळले, बिनाका गीतमाला आणि अमीन सायानी घराघरांत पोचले. आकाशवाणीने ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू केली, तेव्हा कुठे गाणी परत आली. मला यात एक सारखेपणा दिसतो. अमेरिकेत काळ्यांच्या गाण्याला रेडिओचं दार अर्धवट बंद, इथे सिनेमाच्या गाण्याला. दोन्हीकडे वरच्या माणसांनी ठरवलं होतं की खालच्या माणसाने काय ऐकणं चांगलं. आणि दोन्हीकडे खालच्या माणसाने खिशातलं नाणं काढलं.

पण विविध भारती आल्यावर हे सगळं संपायला हवं होतं. नाही संपलं. कारण रेडिओ ठेवायचा कुठे?

मी १९६७ साली शाळा संपवून मुंबईला गेलो. मालवणला पडावातून बोटीवर चढायचं आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचं. राहायला लालबागला गाववाल्यांची खोली. तुमच्यापैकी अनेकांचे वडील, आजे अशाच खोल्यांत राहिले. भिंतीला ट्रंका, खुंटीला कपडे, कोपऱ्यात वळकट्या. दिवसपाळीवाले रात्री झोपत, रात्रपाळीवाले दिवसा. म्हणजे खोलीत चोवीस तास कुणी ना कुणी झोपलेलं. तिथे रेडिओ लावणार कसा? रेडिओला तेव्हा सरकारी लायसन्स लागे, पोस्टात दरवर्षी पैसे भरायचे. फोनो आणि तबकड्या तर शेटलोकांची गोष्ट. पण खिशात पावली असे. म्हणून मी म्हणतो, ज्यूकबॉक्स हे अशा माणसांचं यंत्र आहे, ज्यांच्याकडे नाणं होतं पण खोली नव्हती.

पावली म्हणजे चार आणे. १९५७ ला दशमान पद्धत आली, चार आण्यांचे पंचवीस पैसे झाले, पण आमच्या तोंडी पावलीच राहिली. एका गाण्याला एक पावली. जवळजवळ एका चहाचे पैसे. म्हणजे चहा की गाणं, हा खराखुरा प्रश्न असे.

आता त्या पेटीचं मला जे आठवतं ते सांगतो, आणि मग त्यातलं खोटं किती तेही सांगतो. मला आठवतं, पेटीला वरून कमान होती, कमानीत रंगीत दिवे, आणि काचेच्या नळ्यांतून बुडबुडे वर जात होते. हे मी इतक्या वेळा इतक्या जणांना रंगवून सांगितलं आहे की विचारू नका. निवृत्त झाल्यावर जरा वाचायला बसलो, तेव्हा कळलं की ती बुडबुड्यांची कमान म्हणजे वुर्लिट्झरचं १०१५ नावाचं यंत्र. १९४६ चं. त्यात चोवीस तबकड्या, त्याही जुन्या, मोठ्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या. बटणं चोवीस, एका गाण्याला एक. पण मला तर अक्षर आणि आकडा अशी दोन बटणं दाबल्याचं बोटांना आठवतं, आणि तबकडी छोटी, सात इंची, पंचेचाळीस फेऱ्यांची होती हेही आठवतं. अक्षर-आकड्याची तऱ्हा सीबर्गने १९४८ मध्ये शंभर गाण्यांचं यंत्र काढलं, तिथून पुढची. छोटी तबकडी १९४९ मध्ये बाजारात आली. म्हणजे माझ्या आठवणीत दोन पिढ्यांची यंत्रं एकत्र जोडलेली आहेत. बटणं खरी असावीत, कारण ती कामाची होती. बुडबुडे बहुधा मी नंतर कुठल्या तरी सिनेमातून उचलले.

हे सांगायला थोडी लाज वाटते, पण इतिहासाच्या दृष्टीने ते चांगलं झालं. गोड आठवण ही साक्षीदार म्हणून फार लबाड असते. ती दिवे लावते. म्हणून आठवणीतली जी गोष्ट मिरवायला बरी वाटते तिच्यावर कमी विश्वास ठेवावा, आणि जी सांगताना घसा अडखळतो तिच्यावर जास्त. अशी एक पुढे येते आहे.

आधी त्या यंत्राचा एक स्वभाव सांगतो. आम्हाला वाटायचं, पेटी पक्षपात करते. एकाने आधी पावली टाकावी आणि दुसऱ्याचं गाणं आधी लागावं. यावरून भांडणं होत. खरी गोष्ट अशी की त्या जातीच्या यंत्रात तबकड्या ओळीने उभ्या असतात आणि तो हात ओळीतून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात राहतो. वाटेत जे गाणं मागितलेलं असेल ते वाजवतो. आधी कुणी मागितलं हे त्याला ठाऊक नसतं, कुठल्या गाण्याला मागणी आहे एवढंच ठाऊक असतं. यातून आणखी एक गोष्ट होते. दोन माणसांनी एकच गाणं दाबलं, तर ते एकदाच वाजतं. पावल्या दोन, गाणं एक. आम्ही याला चोरी म्हणायचो. नंतर माझं मत बदललं.

गाणी सगळ्या प्रकारची. रफी, लता, गीता दत्त, तलत. इंग्रजीत एल्विस आणि क्लिफ रिचर्ड, हा क्लिफ जन्माने लखनौचा, १९४० सालचा. आणि हिंदी गाण्यांत जो ट्रंपेट, जी व्हायोलिनं ऐकू येत, ती वाजवणारे आपले शेजारी, गोव्याचे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड. गोव्याहून आलेले धोबीतलावला गावागावाच्या कुडांत राहत, आम्ही लालबागला गाववाल्यांच्या खोलीत. तेरेखोलच्या अलीकडचे आणि पलीकडचे. ते वाजवत, आम्ही पावली टाकून ऐकत. एवढाच आमचा परिचय.

आता ती गोष्ट.

आमच्या खोलीत माझे एक काका राहत. सख्खे नव्हेत, वाडीतले. गिरणीत साचेखात्यात होते. साचेखातं म्हणजे जिथे माग चालतात तो भाग. शेकडो साचे एकाच वेळी खडखडतात. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं, किंवा ओठांवरून ओळखावं लागतं. वीसेक वर्षं त्यात काढल्यावर माणसाचे कान जातात. काकांचे गेले होते. पूर्ण नाही, पण बरेच. हे त्या काळी कुणी दुखणं मानत नसे. "साचेवालो मा, मोठ्यान बोल," एवढंच.

मी कॉलेजात गेलो, मित्र मिळाले. गिरगावातले, घरी फोनो असलेले. आम्ही त्या इराण्याकडे बसायचो आणि क्लिफ रिचर्डवर चर्चा करायचो, जशी काही आमची नातेवाईकच. एका सुट्टीच्या दिवशी काका आत आले. धुतलेलं पण जुनं शर्ट, पायजमा. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. सरळ पेटीकडे गेले, पावली टाकली, दोन बटणं दाबली, यादी न बघता. त्यांना वाचता फारसं येत नसे, पण ते अक्षर आणि तो आकडा पाठ होता. हेमंतकुमारांचं गाणं लागलं. आणि काका पेटीला दोन्ही हात टेकून, अंग जवळजवळ लावून उभे राहिले. गाणं संपेपर्यंत. मग पुन्हा पावली, पुन्हा तेच गाणं.

माझा एक मित्र म्हणाला, "हा बघ, पेटीला मिठी मारून उभा आहे." सगळे हसले. मीही हसलो. आणि हे माझे काका आहेत, असं मी म्हणालो नाही.

काकांनी तेव्हाच मान वळवली. त्यांना ऐकू गेलं नसणार. पण ज्याला कमी ऐकू येतं तो तोंडं फार नीट वाचतो. त्यांनी मला पाहिलं, माझं हसणारं तोंड पाहिलं, आणि पुन्हा पेटीकडे वळले. गाणं संपल्यावर निघून गेले.

खोलीवर ते त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पुढे बऱ्याच दिवसांनी मीच विचारलं, म्हटलं, काका, तुम्ही नेहमी तेच गाणं का लावता? तेव्हा ते म्हणाले, "ह्या एकच गाणा माका नीट आयकाक येता रे. बाकीची गाणी मी नुसती बघतंय."

नंतर मला त्याचं कारण कळलं. आवाजाच्या माऱ्याने कान जातात तेव्हा आधी उंच स्वर जातात. बारीक आवाज, व्हायोलिन, शब्दांच्या कडा. खर्जातला आवाज जास्त टिकतो. हेमंतकुमारांचा गळा खोल, आणि लाकडी पेटीला हात लावला की खालचा ठेका हातातून अंगात येतो. तो माणूस पेटीला मिठी मारत नव्हता. तो ऐकत होता. ज्या जागी त्याला ऐकू येतं त्या जागी उभा राहून, स्वतःच्या मजुरीतून चहाचे पैसे बाजूला काढून.

पुढच्या सुट्टीला मी मुद्दाम गेलो. काका यायच्या आधी पोचून त्यांच्यासाठी गाणं लावायचं, असा बेत. जाऊन पावली टाकली, तेच अक्षर, तोच आकडा. पण काका आधीच आले होते. खांबाआडच्या टेबलावर बसून चहा पीत होते, आणि त्यांची पावली आधीच पेटीत होती. त्यामुळे दोघांच्या दोन पावल्या, आणि गाणं वाजलं एकदाच. ते उठून आपल्या जागी येऊन उभे राहिले. मी शेजारी उभा राहिलो आणि पेटीला हात लावला. माफी मागायची होती, पण त्या आवाजात मागून त्यांना कळली नसती, आणि आवाज थांबल्यावर माझी हिंमत झाली नाही. ती मी कधीच मागितली नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली. तो संपल्याचं कुणी जाहीर केलं नाही, असं गिरणगावात अजून म्हणतात. काका मसुऱ्याला परत आले. तोपर्यंत पेट्याही गेल्या होत्या. ट्रान्झिस्टर स्वस्त झाला होता, मग कॅसेट आली. खोल्यांची घरं झाली, घरात टेप आला, पावली टाकायची गरज उरली नाही. इराण्यांची कोपऱ्यावरची दुकानंही एकेक करून बंद होत गेली. हे कुणी कट करून केलं नाही. माणसाला स्वतःची खोली मिळाली, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

आता कांट. कबूल केलं होतं. १७९० च्या ग्रंथात, जिथे तो सौंदर्याचा विचार करतो, तिथे त्याने संगीताबद्दल एक तक्रार केली आहे. तो म्हणतो, संगीतात शिष्टाचार कमी आहे. चित्र नको असेल तर डोळे फिरवता येतात. गाणं शेजाऱ्याच्या घरात न विचारता शिरतं. खिशातून अत्तराचा रुमाल काढणाऱ्या माणसाने सगळ्यांना वास घ्यायला लावावा, तसं. मला कांटचं हे म्हणणं पटतं. जत्रेच्या दिवसांत तर जास्तच पटतं. (हशा.)

पण त्याच ग्रंथात कांट आणखी एक सांगतो. 'हे सुंदर आहे' असं मी म्हणतो तेव्हा मी माझ्यापुरतं बोलत नसतो. तुम्हीही ते मान्य करावं, अशी माझी मागणी असते. 'मला भाजी आवडते' आणि 'गाणं सुंदर आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मग ज्याला ही मागणी करायची आहे, त्याने ती करायची कुठे? एकट्याच्या कानात करून उपयोग नाही. चार माणसांसमोर करावी लागणार. म्हणजे शेजाऱ्याला त्रास होण्याचा धोका पत्करावाच लागणार. कांटच्या या दोन म्हणण्यांतलं भांडण इराण्याच्या हॉटेलात रोज मिटत असे, आणि ते कसं मिटे ते मी पाहिलं आहे.

नाणं एकाचं, गाणं सगळ्यांचं. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पैसे दिलेलेच नसत. पण पुढची पावली कुणाचीही असू शकते, हे सगळ्यांना ठाऊक असे. म्हणून मी तुझं ऐकतो, तू माझं ऐक. लागोपाठ चार वेळा आपलंच लावणाऱ्याकडे लोक बघत. कुणी बोलत नसे, नुसतं बघत. रस्त्यावरून प्रेतयात्रा चालली असेल तर गल्ल्यावरचा शेट उठून पेटी बंद करी, आणि ज्याची पावली बुडाली तो तक्रार करत नसे. हे नियम कुठे लिहिलेले नव्हते.

मी त्या दिवसांचे गोडवे गात नाही. त्या हॉलमध्ये बायका जवळजवळ नसत. त्यांच्यासाठी लाकडी आडोशाची फॅमिली रूम. आतल्या बाईला गाणं हवं असेल तर ती पोऱ्याच्या हाती पावली पाठवी, आणि बाहेरचे पुरुष ते गाणं कुणाचं म्हणून आडोशाकडे बघत. म्हणजे निम्म्या माणसांना आपली आवड सांगायलाही पडदा लागत होता. ज्याच्याकडे पावलीच नव्हती, त्याची आवड तर कुणालाच कळली नाही. आणि मी स्वतः त्याच हॉलमध्ये बसून एका ऐकणाऱ्या माणसाला हसलो. सगळ्यांसमोर आवड सांगायची तर हसण्याचा हा धोका त्यात असतोच.

आज तो धोका राहिलेला नाही. आपण पुन्हा १८८९ च्या नळीकडे गेलो आहोत, फक्त नळीला तार उरली नाही. प्रत्येकाच्या कानात प्रत्येकाचं. फोन मला मी आधी ऐकलेल्यासारखंच पुढचं ऐकवतो. माझ्या आवडीला कुणी हसत नाही, आणि माझ्या आवडीने कुणी चकितही होत नाही. दुसऱ्या बाजूला मोठे आवाज आहेतच. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख आजही पंचांग बघून ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. सगळ्यांनी मिळून, विचारून. पण वरातीतल्या डीजेचं गाणं कोण ठरवतो? ज्याचे स्पीकर तो. तिथे पुढची पावली माझी असू शकत नाही. एकीकडे फक्त माझा कान, दुसरीकडे फक्त त्याचा आवाज. मधली जागा, जिथे मी निवडीन आणि तुम्ही सोसाल, मग तुम्ही निवडाल आणि मी सोशीन, ती कमी झाली. मला खंत आहे ती या मधल्या जागेची. पेटीचं काय, ती लाकडाची होती.

शेवटी एक विनंती, आणि मी थांबतो. या हॉटेलांच्या वह्या आज कुठे सापडायच्या? कुठल्या गाण्याला किती पावल्या पडल्या, याचा आकडा आपल्याकडे कुणी छापला नाही. जे आहे ते माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती माणसं माझ्या वयाची किंवा मोठी आहेत. घरी गेल्यावर वाडीतल्या जुन्या चाकरमान्यांना विचारा. कुठल्या नाक्यावरचा इराणी? पावलीला एक गाणं की दोन? कुठलं अक्षर, कुठला आकडा? तुमचं गाणं कुठलं? लिहून ठेवा. रंगीत दिव्यांबद्दल सांगू लागले तर लिहा, पण पुढे प्रश्नचिन्ह घाला. आणि एखादा म्हातारा म्हणाला की मला ऐकायला कमी येतं, तर त्याला सोडून पुढे जाऊ नका. त्याच्याजवळ बसा.

सरकारने ३० जून २०११ ला पावली चलनातून काढून घेतली. माझ्या टेबलाच्या खणात काही शिल्लक आहेत. आज त्यांना काही येत नाही. मी त्या बँकेत नेल्या नाहीत एवढंच.